इंजिनाचा लगाम : विमानात आणि विहिरीवर

विहिरीवर ऑइल इंजिन चालू असता पट्टा निसटला, किंवा पंपाचे पाणी तुटले, तर इंजिनाचा आवाज क्षणभर चढतो व लगेच पूर्ववत होतो. हे कार्य गव्हर्नरचे. वेग वाढताच त्यातील फिरती वजने बाहेर फाकतात व तरफेच्या द्वारे इंधनपंपाची रॅक मागे सारून डिझेल कमी करतात. जेम्स वॉट याने वाफेच्या इंजिनावर हीच युक्ती १७८८ साली योजिली होती.

पिकांवर औषध फवारणाऱ्या एअर ट्रॅक्टर ५०२-बी या अमेरिकन विमानातही अशीच वजने असतात. परंतु तेथील व्यवस्था निराळी आहे. या विमानास ७५० अश्वशक्तीचे, पीटी-६ जातीचे टर्बोप्रॉप इंजिन असते. त्याचा पहिला भाग हवा दाबून इंधन जाळतो व मिनिटास सुमारे ३७,५०० फेरे करतो. त्यातून सुटलेले तप्त वायू दुसऱ्या चक्रावर आदळतात. एका पंख्याच्या वाऱ्याने समोरचा पंखा फिरावा, तसा हा प्रकार होय. दोहोंना जोडणारा दांडा नसतो. दुसऱ्या चक्राचे सुमारे ३३,००० फेरे दंतचक्रांनी पंधरापट उतरवून प्रॉपेलरला २,२०० फेरे मिळतात.

वैमानिकाने लिव्हर पुढे सारला म्हणजे पहिल्या भागाचे इंधन वाढते. तेही इंधन-नियंत्रक बेताबेताने सोडतो, एरवी चक्राची पाती अतितप्त होतील. प्रॉपेलरचा वेग मात्र पात्यांच्या तिरकेपणाने राखला जातो. शेताच्या टोकास विमान वर उचलून, वळवून पुन्हा पिकावर उतरविताना प्रॉपेलर अधिक जोराने फिरू पाहतो. त्या वेळी गव्हर्नरची वजने फाकतात, झडप उघडते आणि प्रॉपेलरमधील दाबाचे तेल माघारी जाते. मग स्प्रिंग व पात्यांच्या बुडाशी असलेली वजने पाती अधिक तिरकी करतात. नांगर खोल लावला की बैलांची चाल मंदावते, तसे हे आहे.

वेग दहा टक्के वाढला तर पात्यांवरील ओढ एकवीस टक्के वाढते. म्हणून एका राखणदारावर भिस्त ठेवलेली नाही. याच जातीच्या इंजिनांच्या किंग एअर २०० विमानात मुख्य गव्हर्नर प्रॉपेलरला २,००० फेऱ्यांपलीकडे जाऊ देत नाही. त्याची झडप अडकली तर दुसरा गव्हर्नर २,०८० फेऱ्यांवर तेच तेल निराळ्या वाटेने सोडून देतो. पण पातीच जाग्यावर अडकली, तर तेल सोडून काय उपयोग? तेव्हा सुमारे २,१२० फेऱ्यांवर तिसरी योजना इंधनच कमी करते. मला या रचनेत सर्वांत मोलाची वाटते ती ही तिसरी, निराळी वाट. वैमानिक दुसऱ्या गव्हर्नरची मर्यादा जमिनीवर असतानाच तात्पुरती खाली आणून तो काम करतो की नाही, हे पडताळतो.

आपल्या इंजिनावर राखणदार बहुधा एकच. एका गावी पावसाळाभर बंद असलेले इंजिन माझ्यासमक्ष सुरू केले. रॅक गंजून घट्ट झाली होती. पट्टा निसटताच इंजिन सुसाट सुटले. मालकाने बंद करण्याचा दांडा ओढला. पण तोही तीच रॅक सारतो! तेलाची तोटी बंद केली, तरी नळीतील डिझेलवर इंजिन चालूच. अखेर हवा घेण्याच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली, तेव्हा ते थांबले. फ्लायव्हील फुटले असते तर विहिरीवरील कोणीही वाचते ना.

तेव्हा इंजिन सुरू करण्यापूर्वी रॅक हाताने सारून पाहावी. ती अडखळता कामा नये. अडखळल्यास जाणकार मिस्त्रीकडून साफ करून घ्यावी व तोवर इंजिन चालवू नये. हवेच्या तोंडाएवढी सपाट, जाड फळी जवळ असावी. तेथे हात किंवा फडके कदापि लावू नये, ते आत ओढले जाते. फळी लावताना फ्लायव्हीलच्या रेषेत उभे राहू नये. त्या गावच्या इंजिनघरात ती फळी आता दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असते.