शंभरी ओलांडलेली ‘वीरधवल’

भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरच्या ओसरीत सध्या रोज संध्याकाळी नाथमाधवांची ‘वीरधवल’ वाचतोय. कादंबरी १९१३ ची!

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८). तरुणपणी शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यानंतर त्यांनी लेखणी हाती घेतली. ज्याला स्वतःला चालता येत नव्हतं, त्याने वाचकांच्या पिढ्यांना साहसाच्या वाटेने दौडवलं, हे मला फार मोठं वाटतं.

आजच्या वाचकाला सुरुवातीला भाषा अडते. वाक्यं लांबलचक, संवाद भारदस्त. जुनी प्रत मिळाली तर जागोजागी उच्चार नसलेले अनुस्वार दिसतील. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची ती रीत, छपाईच्या चुका नव्हेत. माझा उपाय सोपा आहे : मोठ्याने वाचा. दोन-तीन प्रकरणांत कान सरावतो, मग पुस्तक खाली ठेववत नाही. लेखक मध्येच थांबून उपदेश करू लागला तर ऐकून घ्या, तोही त्या काळाचाच भाग आहे.

‘वीरधवल’ आवडली तर पुढे त्यांची शिवकाळावरची ‘स्वराज्य’ मालिका घ्या. भिलाईत कुणाच्या घरी जुनी प्रत असेल तर रद्दीत देऊ नका, मला जरूर कळवा.