पडद्यावर न आलेला केमिस्ट

गुन्हेगारीचा धडा सुरू झाला की माझ्या वर्गात ‘मुळशी पॅटर्न’चा विषय निघतोच. प्रवीण तरडे यांच्या २०१८ च्या या सिनेमात बाप जमीन विकतो, आलेला पैसा उडून जातो आणि पोरगा टोळीत शिरतो. बारामती-इंदापूरच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. हायवेकडेच्या गुंठ्याचा भाव त्यांना पाठ असतो. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३८ मध्ये हेच मांडलं होतं. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथं पोचायच्या सरळ वाटा थोड्यांनाच मोकळ्या असतात. मग काही जण आडवाटेला लागतात. ‘उडता पंजाब’मधल्या शेतमजूर मुलीला सरहद्दीपलीकडून आलेला हेरॉइनचा पुडा सापडतो, आणि तो विकून आपली सुटका होईल असं तिला वाटतं. तीही मर्टनचीच.

आमच्या शेजारचं प्रकरण मात्र या सिद्धांतात मावत नाही.

बारामतीहून दौंडकडे जाताना कुरकुंभ लागतं. तिथल्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी छापा घातला. माल मेफेड्रोन हे नशेचं रसायन, पोरांच्या तोंडी ‘एमडी’. विश्रांतवाडीचं मिठाचं गोदाम, कुरकुंभ, दिल्ली असा तपास सरकत गेला आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार १,७०० किलोंहून अधिक माल हाती लागला. एवढा माल बनवायचा तर रिॲक्टर हवा, कच्ची रसायनं हवीत, वीज हवी, टेम्पो हवा आणि रसायनशास्त्राचा जाणकार हवा. अशा जाणकाराला नोकरीची सरळ वाट बंद नसते. मग तो इकडे का वळतो?

इथे मला एडविन सदरलँड हा अमेरिकन गुन्हेगारीशास्त्रज्ञ जवळचा वाटतो. तो म्हणतो, गुन्हा जवळच्या माणसांत राहून शिकला जातो: हातातली कसबं आणि त्याबरोबर ‘यात काय एवढं’ म्हणायची सबबही. याचा दाखलाही शेजारीच आहे. मार्च २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यात इतर पिकांच्या आड लावलेली अफू पोलिसांनी पकडली. अफूचा परवाना मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच मिळतो. उसा-मक्यात हयात गेलेल्याला बोंडाला चीर कधी पाडायची हे कुणीतरी दाखवावं लागतं, बी आणून द्यावं लागतं, गिऱ्हाईकही गाठून द्यावं लागतं.

याच सदरलँडनं ७० बड्या कंपन्यांच्या कायदेभंगांवर पुस्तक लिहिलं. १९४९ मध्ये ते निघालं ते कंपन्यांची नावं गाळून. नावांसकट छापलं गेलं १९८३ मध्ये, तो गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. सिनेमातही तसंच होतं: बंदूकवाल्याला नाव, गाव, आई असते. कारखान्यातल्या माणसाला चेहराही नसतो. याची मला फार खंत वाटते.

भिगवणच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, “मॅडम, एवढी रसायनं आत जाताना गेटवरच्या रजिस्टरात काय लिहीत असतील?” या एका प्रश्नावर मराठीत सिनेमा निघावा असं मला मनापासून वाटतं. त्यात वॉचमन येईल, टेम्पोवाला येईल, बिलं करणारा कारकून येईल आणि तो केमिस्टही येईल.