जिवंत शाईची छपाई
वाढदिवसाच्या केकवर फोटो छापून देणारा प्रिंटर आता तालुक्याच्या गावातल्या बेकरीतही दिसतो. कार्ट्रिजमध्ये खाण्याचे रंग आणि कागदाच्या जागी स्टार्चची पातळ शीट. बाकी यंत्रणा ऑफिसातल्या इंकजेटचीच. याच शाईत पोटाला उपकारक असे जिवंत जिवाणू, म्हणजे प्रोबायोटिक, मिसळून ते खाद्यपदार्थावर छापायचे, असा हा खटाटोप आहे.

पहिली शंका उष्णतेची. इंकजेटचा एक प्रकार शाई तापवूनच चालतो. 1977 साली जपानमध्ये कॅननच्या इचिरो एंडो यांच्याकडून तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकलं, शाई उडाली आणि त्यातून हे तंत्र निघालं. नोझलमागचा सूक्ष्म तापक क्षणात सुमारे 300 अंशांवर जातो, बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. त्यात जिवाणू वाचतात? वाचतात. तापकाला लागून असलेला शाईचा अगदी पातळ थर तेवढा उकळतो. बाकीच्या थेंबाला आच पोचण्याआधीच तो बाहेर पडलेला असतो. अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2004 मध्ये बाजारातल्या प्रिंटरमध्ये फेरफार करून ई. कोलाय जिवाणू छापले, आणि छापलेल्या जागी त्यांच्या वसाहती वाढल्या. पीझो प्रकारच्या प्रिंटरमध्ये तर तापवणंच नसतं. वीज मिळाली की स्फटिक किंचित आकार बदलतो आणि शाई ढकलतो.

थोडा हिशोब मांडू. एक मिलिलिटर शाईत 100 कोटी जिवाणू असले, तर 10 पिकोलिटरच्या एका थेंबात साधारण दहाच येतात. दिवसाच्या मात्रेइतके, म्हणजे 10 कोटी, जिवाणू उतरवायला एक कोटी थेंब लागतील. आकडा ऐकून छाती दडपते, पण ते सगळे थेंब मिळून शाई होते फक्त 0.1 मिलिलिटर! सेकंदाला हजार थेंब टाकणारी शंभर नोझल असली, तर काम शंभर सेकंदांत आटोपतं.

खरी कटकट वेगळीच. जिवाणू द्रवापेक्षा किंचित जड, त्यामुळे कार्ट्रिजच्या तळाशी बसतात; लॅक्टोबॅसिलससारखे काही साखळ्या करून राहतात आणि नोझल तुंबवतात. शाई हलती ठेवावी लागते, काम संपलं की प्रिंटहेड लगेच धुवावं लागतं.

एवढी यातायात कशाला, जिवाणू पिठातच का मळू नयेत? कारण भट्टी. तिच्या उष्णतेत बहुतेक जिवाणू मरतात. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या संशोधकांनी 2018 मध्ये लॅक्टोबॅसिलस प्लँटारम मिसळलेलं पीठ थ्रीडी प्रिंटरने मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार छापलं. त्या आकारात पाणी लवकर उडतं, भाजणं लवकर उरकतं. 145 अंशांवर 6 मिनिटं भाजल्यावरही ग्रॅममागे 10 लाखांहून अधिक जिवाणू जिवंत राहिले. काम फार हुशारीचं आहे. पण ग्रॅमला 10 लाख धरले तर 10 कोटींसाठी 100 ग्रॅम बिस्किटं खावी लागतील. मला म्हणूनच वरून छापण्याचा मार्ग अधिक पटतो: बिस्किट आधी भाजा, गार होऊ द्या, मग त्यावर जीव उतरवा.

अर्थात छापून झालं म्हणजे भागलं नाही. थेंब सुकताना जिवाणूचं आवरण फाटू शकतं. ते टाळायला शाईत ट्रेहॅलोजसारखी साखर घालतात. सुकल्यावरचे वैरी म्हणजे ओल, ऊब आणि प्राणवायू. जूनमध्ये कोकणात पापड सादळतो तसा हा छापलेला पदार्थही सादळेल, आणि ओल शिरली की जिवाणू भराभर मरतील. आपल्याकडे हे विकायचं तर प्रिंटरइतकाच विचार पाकिटाचा करावा लागेल.

भारतातल्या 2016 च्या नियमांत प्रोबायोटिक पदार्थाच्या दिवसाच्या मात्रेत 10 कोटी जिवंत जिवाणू अपेक्षित धरले आहेत. छापलेला असो वा बाटलीतला, कोणताही प्रोबायोटिक पदार्थ घेताना जिवाणूच्या वाणाचं नाव बघा, आणि दिलेला आकडा बनवल्या दिवसाचा आहे की मुदत संपण्याच्या दिवसाचा, हे लेबलवर शोधा. ते लिहिलं नसेल तर दुकानदाराला विचारा.