शेअर वॉरंट म्हणजे काय?

वॉरंट म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम पोलीस उभा राहतो. बँकेच्या काउंटरवर मात्र आम्ही दुसरे वॉरंट पाहिले, ते लाभांशाचे. ते खात्यात भरले की पैसे जमा होत. या दोन्हींहून निराळे असे तिसरे वॉरंट आहे. त्याची माझी ओळख वडिलांच्या ट्रंकेत झाली. त्यांनी 1990 नंतरच्या काळात एका कंपनीचे कर्जरोखे घेतले होते. त्यांच्या जोडीला आलेला हा कागद लाभांशाचाच असेल, पैसे आपोआप येतील, असे समजून त्यांनी तो जपून ठेवला. बँकेत लागल्यावर मी तो वाचला (कला शाखेचा असल्याने दोनदा वाचावा लागला), तेव्हा त्यावरची अखेरची तारीख उलटून कितीतरी वर्षे झाली होती.

शेअर खरेदीचे वॉरंट म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या भावाने, कंपनीकडून शेअर विकत घेण्याचा तो हक्क होय. सक्ती नसते. हक्क बजावून पैसे भरले की कंपनी नवा शेअर देते. तोपर्यंत धारकास लाभांश नाही की सभेत मत नाही. अशा रीतीने नवे शेअर निघाल्यावर जुन्या भागधारकांचा कंपनीतील हिस्सा तेवढा पातळ होतो, हेही ध्यानात घ्यावे.

एक खरे उदाहरण घेऊ. ऑगस्ट 2020 मध्ये एचडीएफसी लिमिटेडने बड्या गुंतवणूक संस्थांना वॉरंट दिली. प्रत्येक वॉरंटची किंमत 180 रुपये. त्यावर तीन वर्षांच्या आत 2,165 रुपयांना एक शेअर घेण्याचा हक्क. म्हणजे शेअर पडला 2,345 रुपयांना. आता समजा, अखेरच्या दिवशी बाजारभाव 2,265 आहे. पुष्कळजण म्हणतील, तोटाच आहे, सोडून द्या. पण 2,165 भरून 2,265 चा शेअर हाती येतो, म्हणजे 180 पैकी 100 रुपये सुटले. हक्क सोडला तर सगळेच गेले. भाव 2,525 असेल तर 180 चे 360 झाले. शेअरमध्ये पैसे इतक्या लवकर दुप्पट होत नाहीत. उलट भाव 2,100 राहिला, तर शेअर घेतलेला मनुष्य अजून थांबू शकतो, वॉरंटवाल्याच्या हाती काहीच उरत नाही. स्वस्त दिसणाऱ्या 180 रुपयांची ही दुसरी बाजू. प्रत्यक्षात जून 2023 मध्ये तो शेअर 2,600 च्या वर होता. 1 जुलै 2023 रोजी ती कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, 25 शेअरना बँकेचे 42 मिळाले, आणि वॉरंटवरील हक्कही त्याच प्रमाणात बँकेच्या शेअरवर आला.

वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते की अमुक कंपनीच्या प्रवर्तकांनी वॉरंट घेतली. ती वाचून लगेच शेअर घेणारे आमच्यातही आहेत. मालकानेच पैसे घातले, मग भीती कसली, असा त्यांचा हिशेब. पण सेबीच्या नियमाप्रमाणे अशा वॉरंटवर आधी निदान 25 टक्के रक्कम भरायची असते, बाकीची 18 महिन्यांच्या आत. न भरल्यास आधीची रक्कम जप्त होते, एवढेच. पूर्वी हा आकडा 10 टक्केच होता. 2008 मध्ये बाजार कोसळला तेव्हा कित्येक प्रवर्तकांनी ते 10 टक्के सोडून दिले. बाजारात स्वस्त मिळणारा शेअर महाग भावाने कोण घेणार? त्यानंतर 2009 मध्ये 25 टक्क्यांचा नियम आला.

आता ट्रंक गेली, डीमॅट खाते आले. तरीही हक्क आपोआप बजावला जात नाही. मुदतीच्या आत अर्ज भरून पैसे द्यावे लागतात, नाहीतर वॉरंट रद्द होते. शेअर नकोच असेल आणि वॉरंटची बाजारात नोंदणी असेल, तर मुदत संपण्यापूर्वी ते विकता येते. वडिलांच्या त्या वॉरंटची कंपनी पुढे चांगली चालली की नाही, हे मी मुद्दामच शोधले नाही.