गायतोंडेंच्या रंगामागचं महानगर

नाशिककरांची नजर शिवाजी तुपे यांच्या निसर्गचित्रांवर पोसलेली. गोदाकाठ ओळखू आला की चित्र कळलं, हा आपला हिशेब वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रापुढे कोलमडतो. मग ‘शहराकडे पाठ फिरवलेला ध्यानस्थ चित्रकार’ म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. १९२४मध्ये नागपुरात जन्मलेले गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले, १९४८मध्ये जे.जे.तून बाहेर पडले आणि पुढे भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये रंगवू लागले. तिथे शेजारीच रविशंकरांचा संगीतवर्ग आणि अल्काझींच्या नाटकाच्या तालमी चालत. त्यांचा रंग या महानगराने घडवला, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा कॅनव्हासवरच आहे. ब्रश मागे पडून त्यांच्या हाती रोलर आणि पॅलेट नाइफ आले. एक थर द्यायचा, त्यावर दुसरा; मध्येच ओल्या रंगावर कागदाचे फाटके तुकडे ठेवून रोलर फिरवायचा. तुकडा उचलला की कुठे रंग निघून येई, कुठे चिकटून राही. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये हयात घालवलेल्या माणसाला शाई, दाब आणि रोलर यांचं नातं वेगळं सांगायला नको. लांबून सपाट वाटणारा पिवळा जवळ गेल्यावर खालचे थर दाखवू लागतो. शहर ओळखू येईल असं इतरांनी रंगवलं: चित्रकार रझांनी चाळीसच्या दशकात मुंबईचे रस्ते जलरंगात उतरवले. पॅरिसमध्ये रोबेर दलोनेने १९१२च्या ‘खिडक्या’ मालिकेत आयफेल टॉवर रंगांच्या तुकड्यांत विरघळवला, तरी त्याची खूण ठेवली. गायतोंडेंनी तीही पुसली.

यावर कुणी म्हणेल, त्यांना ‘अमूर्त’ हा शिक्कासुद्धा नको होता, ओढ झेन विचाराची होती, मग यात शहर कुठून आणता? चित्राचा विषय शहर आहे, असा माझा दावाच नाही. पण शांतता हवी असलेला हा माणूस १९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गेला तो न्यूयॉर्कला, आणि १९७२मध्ये मुंबई सोडली ती दिल्लीसाठी. डोंगरातला आश्रम त्याने कधी गाठला नाही. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं करण्याचा त्यांचा संथपणाही महानगराच्या घाईला दिलेलं उत्तर म्हणून वाचला, तर अधिक उमगतो.

छापील पानावर हे थर दिसत नाहीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. सध्या मांडले आहेत का, एवढं विचारून घ्या आणि एखाद्या सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन या.