जाले की जाळे

एका मेसेजवरून दोन घरांचं बोलणं तुटलं, असं ऐकलं आणि मी मुरुडच्या कोळीवाड्यात गेलो. जुलैचा शेवट होता. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे होड्या शाकारून ठेवलेल्या आणि पडव्यांत जाळ्यांचे ढीग. समोर पावसात पद्मदुर्ग किल्ला दिसायचा, पुन्हा पुसला जायचा. ओल्या नायलॉनचा खारट वास अजून माझ्या नाकात आहे.

जाळं शिवत बसलेल्या काकांनी फोन माझ्या हातात दिला. "वाचा. 41 मेसेज हायत."

दुरुस्तीला दिलेल्या जाळ्याची एकानं ग्रुपवर चौकशी केली होती. उत्तर आलं इंग्रजी अक्षरांत: जे, ए, एल, ई, पुढे 'नाही'. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, झालं नाही. घरात बोलतात तसं त्यानं 'जाले' टाइप केलं. वाचणाऱ्यानं वाचलं, 'जाळे नाही'. हजारो रुपयांचं जाळं गेलं कुठे? तिथून 41 मेसेज. दहाव्यापर्यंत जाळं बाजूला पडलं होतं आणि मेलेल्या माणसांचे जुने व्यवहार निघाले होते. चेहरा समोर असता, तर पहिल्याच ओळीला कुणीतरी "काय रे?" म्हणालं असतं.

जुन्या मोडी लिपीतही विरामचिन्हं नव्हती, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता, शब्द सलग लिहिले जायचे. पण तो कागद सावकाश, मागचं-पुढचं लावून वाचावा लागे. मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं 19व्या शतकात मराठीत रुळवलेली विरामचिन्हं आपण फोनवर टाकून दिली, आणि सावकाश वाचणंही.

काका हातातल्या जाळ्याच्या भोकाकडे वळले. आधी त्यांनी ते मोठं केलं. फाटकी टोकं धड गाठीपर्यंत कापली आणि मगच सुई घातली. फाटक्यावरच शिवलं तर जाळं वाकडं ओढतं.

"एवढे 41 मेसेज," ते म्हणाले, "पण एकानंपण इचारलं नाय, तुला काय बोलायचंय?"

शेवटी काकाच त्यातल्या एका घरी गेले, दोघांना समोरासमोर बसवलं, अर्धवट शिवलेलं जाळं दाखवलं. चहा होईपर्यंत उलगडा झाला.

माझी कळकळीची विनंती आहे: लिहिलेलं खुपलं, तर उत्तर द्यायच्या आधी काकांचा तो प्रश्न विचारा. मुरुडचं ते जाळं 1 ऑगस्टला समुद्रावर गेलं. त्या दोन घरांतली पोरं मात्र अजून एका होडीत बसत नाहीत.