पावसात सायकलचा ब्रेक का लागत नाही? रॉड, वायर की डिस्क, सायखेड्यात मतं वेगवेगळी

सायखेडा : जून महिन्यात शाळा उघडली की गोदावरीच्या पुलावर आणि गावात येणाऱ्या रस्त्यांवर सायकली वाढतात. त्याच रस्त्यांवरून कांद्याचे ट्रॅक्टर उपबाजाराकडे निघालेले असतात, हिवाळ्यात त्यात उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. उन्हाळाभर पडवीत उभी राहिलेली सायकल पोरं काढतात, हवा भरतात, चेनला तेल सोडतात आणि निघतात. ब्रेक मात्र पहिला ट्रॅक्टर समोर आल्यावरच तपासला जातो.

कोणता ब्रेक चांगला, यावर पारावर एकमत होत नाही. दुधाचे कॅन आणि गवताचे भारे वाहिलेली जुनी माणसं अजून रॉडच्या ब्रेकचीच बाजू घेतात. काळ्या उंच सायकलीचा तो ब्रेक. हँडलखालच्या लोखंडी दांड्या ओढल्या जातात आणि घोड्याच्या रिकिबीसारखी पट्टी वर उचलून रबर रिमला आतून टेकवते. तुटायला वायर नाही, चाक थोडं आउट असलं तरी चालतं. पण सांधे झिजले की ब्रेक खडखडतो जास्त आणि लागतो कमी. अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडला. आता या सायकली गावात मोजक्याच उरल्यात.

त्यानंतर आला वायरचा ब्रेक. यात दोन प्रकार आहेत आणि इथेच गफलत होते. एक चिमट्यासारखा, मधोमध एका बोल्टवर बसणारा. दुसरा दोन लांब हातांचा, त्याला व्ही-ब्रेक म्हणतात. व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढावी लागते, म्हणून त्याची मूठही वेगळी असते. मूठ तुटली म्हणून चिमट्याच्या ब्रेकची मूठ बसवली, तर ती हँडलला टेकेपर्यंत दाबूनही जोर पुरत नाही. दुकानदाराला नुसतं ‘ब्रेकची मूठ द्या’ न म्हणता जुनी मूठ सोबत न्यावी.

आता मूळ प्रश्न, पावसाचा. चकचकीत क्रोम केलेली लोखंडी रिम ओली झाली की रबर तिच्यावर घसरतं. आधी रबराने पाणी पुसायचं, मग पकड यायची. २६ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २ मीटर पुढे जातं. पाणी पुसण्यात पाच फेरे गेले तर सायकल १० मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेकचं खरं काम तिथून सुरू होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ही अडचण बरीच कमी असते. म्हणून नवी सायकल घेताना रंग, गिअर बघण्याआधी रिम कशाची ते विचारावं. लोखंडी रिम असेल तर पावसात उतार लागण्याआधीच ब्रेक हलके टेकवत राहायचे, म्हणजे रिम पुसलेली राहते.

नदीकाठचा गाळ हा दुसरा शत्रू. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरलं होतं, तशा गाळात बुडालेली सायकल नुसती धुऊन भागत नाही. रेतीचे कण रबरात रुततात आणि कानशीसारखी रिम घासतात. रबर काढून कण टोकदार खिळ्याने उकरावेत, कडक झालेला थर काचपेपरने घासावा. खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर रबर बदलावंच, एवढ्या स्वस्त वस्तूत कंजुषी कसली?

तरुण पोरांचा कल डिस्ककडे आहे. त्यात दम आहे, कारण चकती चाकाच्या मध्यभागी असते, चिखल-पाण्यापासून रिमपेक्षा दूर, आणि चाक थोडं आउट झालं तरी फरक पडत नाही. पण स्वस्त सायकलींवरच्या वायरच्या डिस्कमध्ये बहुधा एकाच बाजूचा पॅड सरकतो, दुसरा जागचा हलत नाही. पॅड झिजतील तसा तो दुसरा स्क्रूने आत घ्यावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे पोरं नुसती वायर ताणत बसतात. चेनला मारलेलं तेल चकतीवर उडालं की ब्रेक गेलाच म्हणून समजा. सायकली टेम्पोत एकमेकींवर रचल्या की चकती वाकते, ती कुरकुर मग थांबत नाही.

सगळ्यात घातक समज पुढच्या ब्रेकबद्दल आहे. पुढचा मारला की माणूस हँडलवरून जातो, असं म्हणून बरेच जण तो सोडूनच ठेवतात. पोरांच्या सायकलीचा तर घरचेच सोडवतात. प्रत्यक्षात ब्रेक लागताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होऊन घसरतं. म्हणून थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. माणूस पडतो तो एकदम दाबल्यामुळे, किंवा वळणावर, खडीवर, शेणावर दाबल्यामुळे. दोन्ही ब्रेक सोबत, आणि पुढचा हळूहळू वाढवत दाबायचा. कॅरियरवर भारा किंवा डबलसीट असेल तेव्हा मागच्या चाकालाही पकड मिळते, पण थांबायचं वजनही वाढलेलं असतं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. पुलाच्या उताराला पॅडल मारणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सायकलवर ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून जिल्ह्यात महागड्या सायकलींचं वेड वाढलं. गावाकडचा हिशोब वेगळा. सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकलीसाठी मिळणारी रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. या पैशात डिस्कच्या मागे लागण्यापेक्षा साधा, गावात सुटे भाग मिळणारा वायरचा ब्रेक बरा, असं जाणकारांचं मत आहे.

सायकल काढताना दोन मिनिटं लागतात. मूठ पूर्ण दाबा, ती हँडलला टेकता कामा नये. रबर रिमवरच बसतंय ना ते पाहा, टायरला घासत असेल तर टायरची बाजू कापली जाते. मुठीजवळ वायरचा एखादा धागा जरी सुटलेला दिसला तरी वायर बदला, ती तिथेच तुटते. तेलाचे थेंब वायरच्या नळीत सोडायचे, रिमवर कधीच नाही. चुकून पडलंच तर साबणाच्या पाण्याने रिम धुवा आणि रबर कोरडं पुसून मगच सायकल रस्त्यावर काढा.